खाजकुइरीची फायनल

“कबड्डी, कबड्डी, कबड्डी, कब... कब... आई गं!”

दीपक मध्येच थांबला. समोरच्या संघाचे सातही गडी दबा धरून उभे होते आणि हा पठ्ठ्या त्यांच्या अंगणात उभा राहून चक्क पाठ खाजवत होता! दोन्ही हातांनी! मैदानाभोवती बसलेलं अख्खं भिंगारखेड आधी गप्प झालं आणि मग खो-खो हसत सुटलं.

“अबे, फायनल खेळून राह्यला का नाचून राह्यला?” कोणीतरी ओरडलं.

पण दोनच मिनिटांत हसू विरलं. दीपकच्या सातपुडा संघातले आणखी तिघे मान, खांदे, पाठ ओरबाडत खाली बसले. एकाने तर पिवळी जर्सी ओढून काढली आणि तो मातीत गडाबडा लोळू लागला. पंचांनी शिट्टी फुंकून सामना थांबवला.

“खाजकुइरी!” पुंजाजी धावत मैदानात आला. हा सरपंच भगवानरावांचा उजवा हात. सातपुडा संघाचं सगळं सामानसुमान त्याच्याकडे असायचं. “जर्सीत खाजकुइरी टाकली कोणीतरी! आन् या जर्स्या शिवल्या कोनं? कय्यूम टेलरनं! त्याचा पुतण्या कोणाकडून खेळते, सांगा बरं!”

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. कय्यूम टेलरचा पुतण्या शाहरुख निळ्या जर्सीत उभा होता. नवयुवक संघाचा तो सगळ्यात चपळ चढाईपटू!

जळगाव जामोदहून सातपुड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या गावात सगळंच दोन-दोन होतं. पुढारी दोन, भगवानराव आणि शंकरराव. कबड्डीचे संघ दोन, सातपुडा भगवानरावांचा आणि नवयुवक शंकररावांचा. भजनी मंडळंही दोन. एकाची खंजिरी वाजायला लागली की दुसरं मंडळ भोंग्याचा आवाज वाढवायचं. त्यात पुढच्या महिन्यात ग्रामपंचायतीची निवडणूक! दिवाळीच्या सुट्टीतली ही गुरुवारची फायनल जो जिंकेल तो अर्धी निवडणूक जिंकला, असंच सगळे मानत होते.

भगवानरावांनी माइक हातात घेतला. “पुंजाजी, जर्स्या तुझ्याजवळ कधी आल्या?”

“आज सकाळीच, साहेब!” पुंजाजी माइककडे वाकला. “दुकानातून गठ्ठा उचलला आन् सरळ मैदानात आणला. मधात कोणाचा हात लागला नाही!”

“मंगळवारी नेल्या तुम्ही, पुंजाजीभाऊ! मंगळवारी!” गर्दीतून कय्यूमचाचा ओरडले. पण माइकपुढे त्यांचा आवाज कोणापर्यंत पोचणार?

“स्वतःच टाकली अशीन यायनं!” शंकरराव खुर्चीवरून उठून गरजले. “हरायची भीती वाटली, म्हनून सामना मोडला!”

झालं! धक्काबुक्की सुरू झाली. शेवटी भगवानरावांनी जाहीर केलं, “सामना शनिवारी चार वाजता पुन्हा होईल. आन् त्याच दिवशी सकाळी दहा वाजता सभा. कय्यूमचं दुकान ग्रामपंचायतीच्या गाळ्यात आहे. तो गाळा त्याच्याकडे ठेवायचा का नाही, आन् शाहरुखनं खेळायचं का नाही, ते सभेत ठरवू.”

कय्यूमचाचांची आठवीतली मुलगी सफा वडिलांच्या शेजारीच उभी होती. त्यांनी गळ्यातला टेप काढला, त्याची नीट गुंडाळी केली आणि खिशात ठेवला. तेच सफाला सगळ्यात जास्त लागलं.

शुक्रवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धंच उघडं होतं. त्याखालून आधी एक पोतं आत सरकलं आणि मागोमाग गोविंदा.

“तू?” सफा ताडकन उठली. “तुझ्या आबानं पाह्यलं तर?”

गोविंदा भगवानरावांचा नातू आणि दीपकचा पुतण्या. सफाच्याच वर्गातला. “आबा जळगावले गेले. ऐक ना. दीपककाकाची जर्सी आणली म्या. आन् राखीव खेळाडूची एक आणली, अकरा नंबरची. त्याले खाज नाही सुटली. सात जणांपैकी चौघांलेच कशी काय सुटली, सांग?”

“कारण तुमच्याच मानसानं मोजून टाकली!” शटरखालून तिसरा आवाज आला. ती होती वंदना, शंकररावांची मुलगी आणि सफाची मैत्रीण.

“अन् तुझे बाबा धुतल्या तांदळाचे, नाही का?” गोविंदा उसळला. “कालच्याला सगळ्यात जास्त कोण हसत होतं?”

“माझ्या बाबाचं नाव नोको घेऊ!”

“मग तू माझ्या आबाचं काऊन घेतलं?”

“भांडाचं असंन त बाहेर व्हा दोघंबी!” सफाने कैची टेबलावर आपटली. “दुकान तुमचं नाही जाऊन राह्यलं. आमचं जाऊन राह्यलं!”

दोघे टेबलाजवळ सरकले. सफाने तिघांच्या हातांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या, अब्बूंचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कैचीच्या टोकाने दीपकची जर्सी हळूच उलटी केली. कापडात बारीक तपकिरी केस रुतले होते. केवढे! खांद्यापासून पाठीपर्यंत नुसते केसच केस!

“एका बाजूलेच आहे,” वंदना कुजबुजली. “पोटाकडं काहीच नाही.”

सफाने कॉलर उलगडली आणि ती थबकली. मग अकरा नंबरची जर्सी घेतली. तिचीही कॉलर पाहिली.

“खडू कुठं गेला?”

“कोणता खडू?”

“अब्बू प्रत्येक कपड्याच्या कॉलरमंधी निळ्या खडूनं माप लिहितात. पुसत नाहीत कधीच. पहिल्या धुण्यात आपोआप जाते, म्हनतात. इथं एकावरबी नाही!”

मागच्या दाराशी कय्यूमचाचा केव्हाचे उभे होते. ते पुढे आले, पट्टीच्या टोकाने कॉलर उचलून पाहिली. “बेटा, हे कापड पाण्यातून निघालं. शिवण बघ, कशी आवळली. कोरी शिवण अशी राहत नाही.”

“म्हणजे कोणीतरी जर्स्या धुतल्या!” गोविंदा म्हणाला.

“थांबा थांबा!” वंदनाने अकरा नंबरची जर्सी लांबूनच हुंगली. एकदा, दोनदा. “साबणाचा वास आहे. आन् त्याच्याखाली... डिझेल?”

तिघांनी आळीपाळीने हुंगलं. डिझेलच! शिवाय जर्सीच्या बाहीवर दोन ठिकाणी सूत ओढलं गेलं होतं, काट्यात अडकून ओढलं जातं तसं.

“चाचा, पुंजाजीकाकानं जर्स्या मंगळवारीच नेल्या ना? नक्की?” गोविंदाने विचारलं.

“मंगळवारी दुपारी. घडी घालून पिशवीत दिल्या म्या. बारा. त्याच्या गाडीले मागं कॅन बांधेल होती.”

पुंजाजी मैदानात माइकवर सगळ्या गावासमोर खोटं बोलला होता. पण का? गोविंदाच्या मनात जे आलं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पुंजाजीकाका आबांना विचारल्याशिवाय चहासुद्धा पीत नाही. मग हे त्यानं कोणाला विचारून केलं?

“तू घरी जाय,” वंदना पहिल्यांदाच त्याच्याशी हळू आवाजात बोलली. “आम्ही दोघी पाहून येतो त्याच्या वावरात.”

गोविंदाने नकारार्थी मान हलवली. “सायकली काढा.”

पुंजाजीचं शेत ओढ्याच्या काठाला होतं. मागे सातपुड्याचे डोंगर अगदी अंगावर आल्यासारखे दिसत. पांढऱ्याशुभ्र कापसात पुंजाजीची बायको कोकिळाबाई एकटीच वेचणी करत होती. कमरेला बांधलेला ओटा कापसाने फुगला होता. पोरं तिच्या नजरेआडून बांधाबांधाने ओढ्याकडे सरकली.

बोरीच्या काट्यांचं कुंपण लांबवर गेलं होतं. आणि त्याच्या अर्ध्या भागावर वाळका वेल पसरला होता. वेलाला लोंबत होत्या तपकिरी, मखमली शेंगा!

“किती मऊ दिसून राह्यल्या!” गोविंदाने हात पुढे केला.

“हात लावू नोको!” सफा किंचाळली. “हेच ते! खाजकुइरी!”

गोविंदाने हात असा मागे घेतला की तो धपकन बांधावर बसला. वंदना हसता हसता एकदम थांबली. “सफा, ते पाह्य! काट्यात!”

बोरीच्या काट्याला पिवळ्या सुताचा लांबलचक धागा अडकून वाऱ्यावर हलत होता. थोडं पुढे दुसरा. त्याच्या पुढे, जिथे वेल संपत होता तिथे, तिसरा.

सफाने मनातल्या मनात अंतर मोजलं. “बारा जर्स्या या कुंपणावर वाळत घातल्या. वेलाजवळच्या चार जर्स्यांवर शेंगांचे केस उडाले. बाकीच्या वाचल्या. म्हणून चौघांलेच खाज!”

“म्हणजे कोणी मुद्दाम टाकलंच नाही?” वंदनाचा विश्वास बसेना. “सगळं गाव एकमेकाच्या नरडीले लागलं, आन् ही नुसती... धुणी?”

“कोण आहे बे तथी?” मागून आवाज आला. कोकिळाबाई ओटा सावरत आली होती. “अवं पोट्टेहो, सरका तिकून! भल्ली खाज सुटते त्या वेलानं!”

आता पळण्यात अर्थ नव्हता. सफाने सरळच विचारलं, “काकू, बुधवारी इथं कोणी कपडे वाळत घातले होते का?”

कोकिळाबाईला हसू फुटलं. “मीच चकित झालो ना! बुधवारी आमच्या मालकानं विहिरीवर बसून गठ्ठाभर कपडे धुतले! लग्नाले बावीस वर्सं झाली, पण त्या मानसाच्या हातात साबण म्या पह्यल्यांदा पाह्यला! पंपाच्या डिझेलची कॅन सांडली म्हणे पिशवीवर. साहेब रागावतीन, कोणाले सांगू नोको म्हणे. कोठी वाळवले ते काही मले माहीत नाही. म्या त तिकल्ल्या टोकाले वेचत होतो.”

“काकू,” सफा पुढे होऊन म्हणाली, “त्या जर्स्या होत्या. आन् खाजकुइरी माझ्या अब्बूनं टाकली, असं काकांनी मैदानात सगळ्यांसमोर सांगितलं. उद्या आमचं दुकान काढून घेणार आहेत.”

कोकिळाबाईचं हसू मावळलं. दोन दिवस ती शेतातच होती. पोरांना खाज सुटली एवढंच तिच्या कानावर आलं होतं. ती ओट्यातला कापूस चाचपू लागली.

“सभेत उभी राहून मी माझ्या नवऱ्याविरुद्ध नाही बोलणार,” ती शेवटी म्हणाली. “ते मले जमनार नाही. पण माझ्या वावरात, माझ्या नवऱ्याले, मी काहीबी इचारू शकतो ना?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. वंदनाच्या डोळ्यांत चमक आली.

बेत ठरला. फक्त एक अडचण होती. पुंजाजीचं बोलणं ऐकायला साक्षीदार हवे होते, आणि तेही असे की ज्यांच्यावर गाव विश्वास ठेवेल. भगवानरावांनी एकट्यांनी ऐकलं तर शंकररावांची माणसं मानणार नाहीत. शंकररावांनी ऐकलं तर भगवानरावांची माणसं हसतील!

“दोघांलेबी आणायचं,” सफा म्हणाली.

“एका ठिकाणी?” गोविंदाने डोळे विस्फारले. “ते दोघं एका मांडवात जेवत नाहीत!”

“जेवायचं कुठं आहे? लपायचं आहे!”

शनिवारी सकाळी आठ वाजता भगवानराव नातवामागून तुरीच्या शेतात शिरले. “काय दाखवतो ते इथंच सांग ना! दहा वाजता सभा आहे माही!” ते पुटपुटत होते. खाली बसता बसता त्यांचा धक्का कोणाला तरी लागला.

“कोण आहे बे?”

“तू कोण आहे?”

तुरीच्या दोन झाडांमधून शंकररावांचा पांढरा फेटा वर आला. पलीकडे वंदना तोंडावर हात दाबून बसली होती.

“हा काय चावटपणा आहे?” भगवानराव उठायला लागले.

“आबा, बसा!” गोविंदाने त्यांचा हात घट्ट धरला. आजोबांवर आवाज चढवायची त्याची ही पहिलीच वेळ होती. “फक्त दहा मिनिटं. मग मले काय मारायचं ते मारा.”

त्याच वेळी तिकडे सफा चहाच्या टपरीसमोरून सायकलवर चालली होती. टपरीत पुंजाजी बशीतून चहा पीत होता. समोरून येणाऱ्या शाहरुखला तिने मोठ्याने हाक मारली, “भाईजान! ओढ्याकाठच्या कुंपणाले पिवळं काहीतरी अडकलं आहे! आत्ताच पाह्यलं म्या! सभेनंतर काढायले जाऊ!”

यात एकही शब्द खोटा नव्हता. धागे पिवळेच होते! पण पुंजाजीच्या हातातली बशी हिंदकळली. चहा तसाच ठेवून त्याने मोटरसायकलला लाथ मारली.

तुरीत बसलेल्या चौघांना गाडीचा आवाज आला. पुंजाजी उतरला तो धावतच कुंपणाकडे गेला. वाकून पाहिलं, काटे बाजूला सारले, घाबऱ्या घाबऱ्या वेल उघड्या हातानेच ओढला. इकडून तिकडे, तिकडून इकडे!

कापसातून कोकिळाबाई सावकाश चालत आली. “काय शोधून राह्यले सकाळी सकाळी?”

“तू तुह्यं काम कर!”

“अवो पण काय हरवलं? म्या बी पाहतो.”

“जर्सी!” पुंजाजी वैतागून म्हणाला. “एक राह्यली म्हणते ते टेलरची पोट्टी. पण म्या त बाराच्या बारा मोजून उतरवल्या होत्या बुधवारी!”

“अगंबाई! म्हणजे त्या खाज सुटलेल्या जर्स्या तुम्ही इथं वाळवल्या? या वेलावर?”

“मले काय माहीत इथं खाजकुइरी आहे म्हनून! म्या इकडं येतोच कधी? घाईत टाकल्या कुंपणावर.”

“मग सांगाचं ना तसं! त्या कय्यूमभाऊवर काहाले ढकललं?”

“हळू बोल ना वं! साहेबाले कळलं असतं, त माह्या हातातून सगळंच काढून घेतलं असतं. आन् तसंही त्याचा पुतण्या तिकडूनच खेळते. लोकायनं लगेच मानलं. मले जास्त बोलाबी नाही लागलं!” एवढं बोलून त्याने मान खाजवली. मग मनगट. मग दोन्ही दंड. “अरे... अरे देवा!”

उघड्या हातांनी वेल उपसल्याचं फळ मिळालं होतं! पुंजाजी जागच्या जागी थयथय नाचू लागला. आणि नाचता नाचता त्याची नजर तुरीकडे गेली. तिथे भगवानराव उभे होते. त्यांच्या शेजारी शंकरराव.

“साहेब...” पुंजाजीचा हात डोक्यावरच राहिला.

भगवानराव ओरडले नाहीत. ते इतकंच म्हणाले, “शेण लाव अंगाले, खाज उतरंन. मग सभेत ये.”

सभा पंचायतीत झालीच नाही. भगवानरावांनी ती मैदानात हलवली, जिथे आरोप झाला होता तिथेच. पुंजाजीने खाली मान घालून सगळं कबूल केलं. मग भगवानराव माइकसमोर आले.

“पुंजाजी घाबरून खोटं बोलला. पण म्या त एकच सवाल इचारला, आन् तोबी त्यालेच. कय्यूमभाऊ ओरडून सांगत होते, म्या ऐकून घेतलं नाही. ऐकायचं नव्हतं म्हनून. कय्यूमभाऊ, सगळ्या गावासमोर माफी मागतो. गाळा तुमचाच आहे.”

भगवानरावांनी हात जोडले. कय्यूमचाचांनी पुढे होऊन ते जोडलेले हात खाली केले.

शंकररावांच्या मिशीत हसू मावेना. ते माइककडे निघाले. “आता ऐका मंडळी! यायच्या मानसाचे धंदे पाह्यले ना? निवडणुकीत...”

“बाबा!” वंदना त्यांच्या आडवी उभी राहिली. “भगवानआबांनी स्वतःच खाजकुइरी टाकली, असं परवा कोण म्हणालं होतं? इथंच! सगळ्यांसमोर!”

लोक हसले. शंकररावांनी मिशी चोळली. “हां... तेबी खरं आहे,” ते खाकरत म्हणाले. “तो शब्द म्या मागे घेतो. आन् या तीन पोट्ट्यांले आपल्या दोघायपेक्षा जास्त अक्कल आहे, असं मले वाटते.”

“हे मात्र तू पह्यल्यांदा बरोबर बोलला,” भगवानराव म्हणाले, आणि मैदानात टाळ्यांचा कडकडाट झाला.

चार वाजता फायनल सुरू झाली. सातपुडाचे गडी आपापल्या घरच्या बनियनवर उतरले होते. कय्यूमचाचांनी दुपारभर बसून त्यांच्यावर कापडी आकडे टाचून दिले होते. आणि काय सामना झाला! शेवटच्या मिनिटाला तीस-तीस! शाहरुख चढाईला गेला, दीपकने त्याचा घोटा पकडला, दोघेही रेषेजवळ आडवे झाले. धूळ खाली बसली तेव्हा शाहरुखची बोटं रेषेपलीकडे होती. नवयुवक एका गुणाने जिंकला! आणि शाहरुखला हात देऊन पहिल्यांदा उठवलं ते दीपकनेच.

अंधार पडायच्या आत मैदान रिकामं झालं. सफा आणि वंदना चुन्याच्या रेषांवरून उड्या मारत घराकडे निघाल्या. गोविंदा मात्र आबांची खुर्ची उचलून त्यांच्यामागे चालत होता.

“गोविंदा,” भगवानराव वळून न पाहताच म्हणाले, “पुंजाजीले हे म्या सांगितलं, असं वाटलं होतं तुले?”

गोविंदाने खुर्ची सावरली. “हो, आबा.”

“तरी गेला तू शोधाले?”

“हो.”

“आन् खरंच म्याच सांगितलं असतं त?”

खुर्ची जड लागायला लागली होती. गोविंदाने ती खाली ठेवली. “तरी सफाच्या अब्बूंचंच खरं आहे, असं सांगितलं असतं. पण आबा, मग मी खूप रडलो असतो.”

भगवानराव थांबले. त्यांनी नातवाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला. मग ती खुर्ची त्यांनी स्वतः उचलली.